बांधावरचे परराष्ट्र धोरण

१ जून ही तारीख महाराष्ट्राच्या शेतीच्या इतिहासात पुणतांब्याच्या नावावर लागली आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये राहाता तालुक्यातल्या या गोदाकाठच्या गावाने ग्रामसभेत संपाचा ठराव केला आणि १ जूनपासून शेतकऱ्यांनी दूध व भाजीपाला शहरांकडे पाठवणे थांबवले. शेतकरीही संपावर जाऊ शकतो, हे देशाने तेव्हा पाहिले. दोन दिवसांत संप नगर-नाशिकच्या पलीकडे गेला. ३ जूनच्या पहाटे मुंबईत मुख्यमंत्र्यांशी झालेल्या चर्चेनंतर काही प्रतिनिधींनी तो मागे घेतल्याचे जाहीर केले, पण गावोगावच्या शेतकऱ्यांनी ते मानले नाही. ६ जूनला शेजारच्या मध्य प्रदेशात, मंदसौरला, गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. ११ जूनला शेतकरी संघटनांची सुकाणू समिती आणि मंत्रिगट यांच्यात तडजोड झाली आणि २४ जूनला राज्य सरकारने सुमारे ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली.

दरवर्षी या तारखेला कर्जमाफीचा हिशेब मांडला जातो. किती खाती बसली, किती सुटली, निकषांनी कोणाला बाहेर ठेवले. तो हिशेब झालाच पाहिजे. पण या निमित्ताने वेगळा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. ज्या भावांमुळे कर्ज थकले, ते भाव पडले कुठे? पुणतांब्याच्या बांधावर नाही आणि राहात्याच्या बाजार समितीतही नाही. त्यांची कारणे शोधत गेले, तर मॉस्को, ब्रसेल्स, मापुतो, ढाका आणि जिनिव्हा ही नावे पुढे येतात. २०१७ चा संप हा गावाचा होता आणि राज्याचाही होता. त्याचबरोबर तो जागतिक राजकारणाचा एक परिणाम होता, आणि त्या अंगाने आपण त्याच्याकडे अजून पाहिलेले नाही.

सुरुवात दुधापासून करू, कारण त्या संपात सर्वांत जास्त दिसले ते रस्त्यावर ओतलेले दूध. २०१४ च्या प्रारंभी रशियाने क्रिमिया घेतला. युरोप-अमेरिकेने निर्बंध लादले आणि त्याला उत्तर म्हणून रशियाने ७ ऑगस्ट २०१४ रोजी युरोपीय अन्नपदार्थांवर बंदी घातली. युरोपच्या चीज-लोण्याचे एक मोठे गिऱ्हाईक गेले. त्यानंतर काही महिन्यांतच, ३१ मार्च २०१५ ला, युरोपीय संघाने तीस वर्षांहून जुनी दूध उत्पादनाची मर्यादा उठवली. दूध वाढले, बाजार आकसला, आणि उरलेल्या दुधाची भुकटी झाली. २०१७ पर्यंत युरोपीय संघाच्या सरकारी गोदामांत साडेतीन लाख टनांच्या आसपास भुकटी पडून होती. जगातला भुकटीचा भाव निम्म्याहून खाली आला आणि भारताची भुकटी निर्यात गळाली. महाराष्ट्रात पुष्ट काळात जे जादा दूध जमते, ते भुकटीच्या प्रकल्पांत जाते. भुकटी विकली गेली नाही की दूध संघ आणि खासगी डेअऱ्या सर्वांत आधी उत्पादकाचा दर कापतात.

संपानंतर सरकारने गायीच्या दुधाचा खरेदीदर लिटरमागे २४ रुपयांवरून २७ केला. कागदावर तो दर राहिला. प्रत्यक्षात २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत शेतकऱ्याच्या हाती १७ ते २० रुपये पडू लागले आणि जुलैमध्ये पुन्हा दूध आंदोलन पेटले. तेव्हा सरकारने लिटरमागे ५ रुपये अनुदान देऊन २५ रुपयांचा दर कबूल केला. मंत्रालयातून काढलेला दर जगाच्या भुकटीपुढे टिकत नाही, हे त्या एका वर्षाने सिद्ध केले. क्रिमियाच्या बातम्या पुणतांब्यातही वाचल्या गेल्या असतील. त्या बातमीचा आपल्या गोठ्याशी संबंध आहे, हे मात्र शेतकऱ्याला कोणी सांगितले नाही. सांगायला हवे होते ते कृषी खात्याने, दूध संघांनी आणि आम्हा वृत्तपत्रांनीही.

तुरीचे उदाहरण याहून थेट आहे, कारण तिथे निर्णय आपल्याच सरकारचा होता. २०१५-१६ च्या दुष्काळात तूर कडाडली. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या मोझांबिक दौऱ्यात डाळ आयातीचा करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टन आणि वाढत वाढत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन, असा तो करार. हिंदी महासागरात चीनचा प्रभाव वाढत असताना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मित्र जोडणे हे शहाणपणाचेच होते. पण त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, सरकारच्या आवाहनावरून शेतकऱ्यांनी तूर वाढवली आणि उत्पादन २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या आसपास गेले. हमीभाव होता बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये, बाजारात मिळत होते त्याहून कितीतरी कमी. मराठवाडा-विदर्भात खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या आणि २२ एप्रिल २०१७ ला केंद्राने खरेदी थांबवली. पुणतांब्याचा ठराव त्याच महिन्यातला. ऑगस्टमध्ये तूर आयातीवर मर्यादा आली खरी, पण दुसऱ्या देशाला दिलेला शब्द म्हणून मोझांबिकचा करार त्या मर्यादेतून वगळला गेला. मोझांबिकच्या शेतकऱ्याला पाच वर्षांची लेखी हमी मिळाली. ती मिळाल्याबद्दल आमची तक्रार नाही. तशीच हमी आपल्या शेतकऱ्याला का मिळू नये, एवढेच विचारायचे आहे.

हे नवे नाही. दूरच्या युद्धाने नगरच्या शेतकऱ्याला कर्जात ढकलल्याचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेकडील बंदरांची कोंडी झाली आणि लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मुंबईच्या बाजारात पैसा वाहू लागला. दख्खनच्या गावांतही भाव चढले, पत वाढली, सावकार सहज कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. चढ्या भावांच्या काळात वाढवलेला शेतसारा मात्र खाली आला नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे उठाव झाला आणि तो नगर जिल्ह्यात पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली खतपत्रे काढून जाळली. इंग्रज सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी सहाय्य कायदा आणला. कायदा झाला सावकाराविरुद्ध. साऱ्याबद्दल आणि ज्या बाजाराने शेतकऱ्याला चढवले व पाडले त्याबद्दल सरकार फारसे बोलले नाही.

त्याच दशकात, १८७६-७८ च्या दुष्काळाच्या सुमारास, दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि पुणतांबा त्या लोहमार्गावर आले. दख्खनमध्ये माणसे उपाशी मरत असताना देशातून धान्य इंग्लंडला जातच होते. रेल्वेने गावाला बाजार दिला आणि त्याच वेळी जगाच्या भावाशी कायमचे बांधले. पुढे दारणा आणि भंडारदरा धरणांच्या कालव्यांनी इथे ऊस आणला आणि १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जगाच्या बाजारात एकटा शेतकरी टिकत नाही, ही जाण त्या सहकारामागे होती. ती जाण आज पुन्हा लागणार आहे.

उसाचेच पाहा. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध दावा केला. ज्या रास्त आणि किफायतशीर दरावर, म्हणजे एफआरपीवर, गोदावरी-प्रवरा खोऱ्यातल्या ऊस उत्पादकाचे वर्ष उभे असते, तोच दर त्यांच्या मते नियमबाह्य मदत होता. १४ डिसेंबर २०२१ ला निकाल भारताविरुद्ध गेला. भारताने अपील केले, पण अपील ऐकणारे मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्या आहेत. म्हणजे आपली एफआरपी आज जिनिव्हातल्या एका बंद न्यायालयाच्या आधाराने सुरक्षित आहे. ते उद्या सुरू झाले, तर काय, याची चर्चा एकाही गळीत हंगामात, एकाही ऊस परिषदेच्या केंद्रस्थानी दिसत नाही.

२०२२ मध्ये तर तारखाच जुळल्या. युक्रेनच्या युद्धाने जगभर अन्न महागले. एप्रिलमध्ये भारत जगाला अन्न पुरवू शकेल असे आश्वासन दिले गेले आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. २४ मे रोजी साखरेची अधिसूचना निघाली. १ जूनपासून परवानगीशिवाय साखर बाहेर पाठवता येणार नव्हती. त्याच १ जूनला पुणतांब्यात पुन्हा धरणे सुरू झाले आणि मागण्यांमध्ये शिल्लक राहिलेल्या उसाचा प्रश्न होता. पुढे २०२३-२४ मध्ये साखर निर्यात बंदच राहिली. भाव चढला की दार बंद करायचे आणि भाव पडला की बाजाराचा नियम सांगायचा, ही पद्धत झाली आहे.

पण खरा धडा कांद्याचा आहे, कारण तिथे शेतकऱ्याचे नुकसान आणि देशाचे नुकसान एकाच निर्णयातून होते. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यात बंद. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये संपूर्ण बंदी. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. निर्यात २०२२-२३ मध्ये २५ लाख टन होती, पुढच्या वर्षी ती १७ लाख टनांवर आली. मधल्या काळात काही देशांना सरकारच्या मर्जीने ठरावीक कोटा दिला गेला. म्हणजे कांदा हा मैत्रीची भेट म्हणून वापरला गेला, आणि त्या भेटीची किंमत लासलगाव, कोपरगाव, राहाता इथल्या शेतकऱ्याने चुकवली.

ही धरसोड मित्रांनाही पटली नाही. २०१९ च्या बंदीनंतर चारच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आधी सांगितले असते तर दुसरीकडून सोय केली असती, असे त्यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितले. पुढच्या महिन्यात ढाक्यात कांदा किलोला दोनशे टाक्यांच्या वर गेला आणि त्यांच्या सरकारला तो विमानाने आणावा लागला. २०२० मध्ये न सांगता पुन्हा बंदी आल्यावर ढाक्याने लेखी नाराजी कळवली. त्यानंतर बांगलादेशने जे केले, ते कुठलाही स्वाभिमानी देश करील. स्वतःचे उत्पादन वाढवले, पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तान, चीन असे दुसरे पुरवठादार शोधले आणि आपल्या कांद्याच्या आयातीवर वेळोवेळी बंधने घातली. मैत्री विश्वासावर चालते आणि व्यापारही. आपण दर दोन वर्षांनी शेजाऱ्याला सांगत आलो की आमच्यावर अवलंबून राहू नका. त्याने ते ऐकले. गिऱ्हाईक तोडण्याची ही किंमत कोणत्याही परराष्ट्र खात्याच्या ताळेबंदात दिसत नाही. ती दिसते कांदाचाळीत सडणाऱ्या मालात.

शहरातल्या गरीब कुटुंबाला ८० रुपये किलोचा कांदा परवडत नाही, हे खरे आहे. त्याच्या ताटाची काळजी सरकारने घेतलीच पाहिजे. १९९८ मध्ये दिल्लीतले सरकार कांद्याच्या भावात वाहून गेले, तेव्हापासून प्रत्येक पक्षाला ही भीती आहे. पण काळजी घेण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उरतोच. गरिबाला स्वस्त अन्न द्यायचे, तर ते साऱ्या समाजाच्या तिजोरीतून द्यावे. निर्यातबंदी हा त्यातला सर्वांत स्वस्त मार्ग वाटतो, कारण खर्च अंदाजपत्रकात येत नाही. तो शेतकऱ्याच्या खिशातून परस्पर वळता होतो. ओईसीडी आणि इक्रिएर या संस्थांच्या २०१८ च्या अभ्यासात हेच आकड्यांत मांडले आहे. २००० ते २०१६ या काळात भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेली सारी अनुदाने धरूनही, त्याची एकूण मदत त्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या उणे १४ टक्के होती. मुख्य कारण, निर्यातीवरची बंधने. बर्नच्या जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणच्या कांद्यासाठी रस्त्यावर उतरलेले शरद जोशी हेच अनेक दशके सांगत होते. जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावाला त्यांनी पाठिंबा दिला तेव्हा अनेकांनी त्यांना विरोध केला. त्यांचे सगळे निष्कर्ष मान्य नसतील, पण शेतकरी आंदोलनाने जिनिव्हाचा मसुदा वाचला पाहिजे, हा त्यांचा आग्रह आज कोण चालवतो आहे?

तो आग्रह आजच्या इतका निकडीचा कधी नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, रशियाचे तेल घेतो हे त्यामागचे सांगितलेले एक कारण. ७ ऑगस्टला, एम. एस. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत, शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड करणार नाही, असे पंतप्रधानांनी जाहीर केले. त्या भूमिकेचे आम्ही स्वागत करतो. पण त्याच महिन्यात, १९ ऑगस्टला, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले आणि मुदत वर्षअखेरपर्यंत वाढली, नेमका विदर्भ-मराठवाड्याचा कापूस बाजारात येण्याच्या हंगामात. परदेशी आयातीपासून दूध वाचले, याचे श्रेय २०१९ मध्ये बँकॉकला आरसेप या आशियाई व्यापार करारातून बाहेर पडण्याचा आग्रह धरणाऱ्या संघटित दूध उत्पादकांनाही आहे. ज्यांची संघटना होती, त्यांचे ऐकले गेले. कापसाच्या बाजूने वाटाघाटीच्या टेबलाशी कोणी नव्हते.

राज्यघटनेतच या दुराव्याचे मूळ आहे. सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत चौदावी नोंद परदेशांशी करार करण्याची आहे आणि राज्यांच्या यादीत चौदावी नोंद शेतीची. करार दिल्ली करते, शेती राज्याची, आणि दोघांमध्ये सक्तीचा संवाद नाही. करारांना संसदेची पूर्वसंमतीही लागत नाही. २००९ मध्ये आसियान कराराविरुद्ध केरळ सरकार मिरी आणि रबराच्या उत्पादकांसाठी उघडपणे उभे राहिले. करार थांबला नाही, पण त्या राज्याने आपल्या शेतकऱ्याची बाजू नोंदवली. महाराष्ट्राने कांदा, ऊस, सोयाबीन, कापूस, द्राक्ष यांतल्या एकाही पिकासाठी तेवढ्या ठामपणे असे केल्याचे दिसत नाही.

पुणतांब्यात चांगदेवांची समाधी आहे. त्यांनी ज्ञानेश्वरांना पाठवलेल्या पत्रावर काहीच लिहिलेले नव्हते आणि तरीही त्याला पासष्ट ओव्यांचे उत्तर मिळाले, अशी कथा महाराष्ट्र पिढ्यान्पिढ्या सांगत आला आहे. याच गावाने २०१७ मध्ये पाठवलेल्या पत्रावर मात्र सारे स्पष्ट लिहिले होते. कर्जमुक्ती, उत्पादन खर्चावर आधारित भाव, दुधाला रास्त दर. उत्तर आले ते पहिल्या ओळीचे. भावाच्या ओळींना उत्तर अजून यायचे आहे, आणि ते मुंबई एकटी देऊ शकत नाही.

म्हणून या १ जूनला आमच्या मागण्या नेमक्या आहेत. पहिली, निर्यातबंदी आणि आयात शुल्क यांचे नियम हंगामापूर्वी जाहीर करा. भाव कोणत्या पातळीला गेला तर सरकार हस्तक्षेप करील, किती काळासाठी आणि कशा रीतीने, हे पेरणीआधी शेतकऱ्याला कळले पाहिजे. पीक निघण्याच्या काळात तो नियम बदलू नये. दुसरी, देशहितासाठी बंदी अटळच असेल, तर बंदीआधीचा आणि नंतरचा भाव यातला फरक उत्पादकाला सरकारने द्यावा. परराष्ट्र धोरणाचा खर्च सैन्याच्या खर्चाप्रमाणेच अंदाजपत्रकात दिसू द्या. तिसरी, शेतीला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक करारापूर्वी संबंधित राज्यांचे लेखी मत घ्या आणि ते संसदेपुढे ठेवा. चौथी, महाराष्ट्र विधिमंडळाने शेतमालाच्या परदेशी व्यापारावर कायमची समिती नेमावी, जिच्यापुढे उत्पादक, बाजार समित्या, निर्यातदार आणि ग्राहक संघटना साऱ्यांना बोलता येईल.

शेतकरी संघटनांकडेही एक मागणे आहे. कर्जमाफीची मागणी मुंबईत पूर्ण होते म्हणून आंदोलने तिथेच वळतात आणि काही वर्षांनी तेच कर्ज पुन्हा थकते. १८७५ मध्ये खतपत्रे जळली, पण बाजार तसाच राहिला. २०१७ मध्ये कर्ज माफ झाले आणि वर्षभरात दूध १७ ते २० रुपयांवर आले. लढा भावाचा असेल, तर डाळीचा आयात करार, भुकटीचा साठा आणि साखरेचा खटला हे विषय संघटनेच्या प्रत्येक शिबिरात आले पाहिजेत. प्रवरानगरच्या पिढीने कारखाना चालवायला शिकून घेतले. या पिढीने करार वाचायला शिकावे.

पुणतांब्याच्या ग्रामसभेने एकदा साऱ्या देशाला शेतकऱ्याचा संप दाखवला. तिच्याकडून आता दुसऱ्या ठरावाची अपेक्षा आहे. भारत सरकार शेतमालाबाबत कोणत्याही देशाशी करार करील, तेव्हा त्याचा मसुदा मराठीत आमच्यापुढे ठेवा, असा तो ठराव असावा. एका गावाने तो केला, तर जिल्ह्यातली दहा गावे करतील, आणि मग विधानसभेला तो टाळता येणार नाही. ज्या कराराचा भार शेतकऱ्याच्या शेतावर पडतो, त्या करारावर बोलण्याचा त्याचा हक्क आहे. परराष्ट्र धोरणाला लोकशाहीचे बळ यातूनच मिळेल, आणि असे बळ मागे असलेल्या देशाचा शब्द शेजारीही अधिक विश्वासाने ऐकतील.